कारोलीनची माफी

इब्तिसाम बूअज्जावीला फेस शहरातल्या त्या फोन-ऑफिसात पहिल्याच दिवशी दोनदा नाव विचारलं. एकदा पगाराच्या कागदांसाठी. आणि लगेच पुन्हा, भिंतीवर चिकटवलेल्या यादीकडे बोट दाखवून. यादीत सगळी फ्रेंच नावं होती आणि बहुतेकांवर काट मारलेली होती.

"सोफी दिलेलं आहे, ज्युली दिलेलं आहे, नाताली पण," सुपरवायझर नूफल चपलांचे नंबर सांगावेत तसा सांगत होता. "कारोलीन मोकळं आहे. ती पोरगी कालच सोडून गेली. तिचंच टेबल, तिचीच गिऱ्हाइकं. घेऊन टाका, लल्ला. चांगलं चालणारं नाव आहे."

'लल्ला' म्हणजे तिकडचं आदराचं 'बाई'; तरी इब्तिसामला वाटलं, हा नव्या माणसाची थट्टा करतोय. ती हसली. नूफल हसला नाही. त्याच्या गळ्यातल्या कार्डावर 'निकोला' लिहिलेलं होतं.

काम असं होतं. फ्रान्समध्ये कुणाचा बॉयलर बंद पडला, घर गार पडलं, की तो माणूस कंपनीला फोन करायचा. घंटा वाजायची मोरोक्कोत, फेसमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, साठ टेबलांपैकी एकावर. बॉयलर दुरुस्त करणारा तिकडचाच, पण त्याला पाठवणारा आवाज इकडचा. आणि हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये. कळलं तर काय होतं? काही होत नाही. बॉयलर तसाच दुरुस्त होतो. पण गिऱ्हाइकाचं मन दुखावतं म्हणे! त्या नाजूक मनाला जपण्यासाठी साठ धडधाकट माणसांनी आईबापांनी ठेवलेली नावं रोज सकाळी दाराबाहेर काढून ठेवायची.

हेच ऐकायचं होतं तर रुबे काय वाईट होतं?

उत्तर फ्रान्समधल्या त्या गावात ती जन्मली आणि वाढली. बाप तिथल्या लोकरीच्या गिरणीत राबला आणि तिथेच गेला. ती अकरा वर्षं एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात होती. रोज सकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीच्या काचेत बघून डोक्यावरचा रुमाल सोडायचा, पिशवीत घालायचा आणि संध्याकाळी तिथेच पुन्हा बांधायचा. सरकारी नोकरीत अंगावर धर्माची खूण नको असा नियम होता, तो तिने पाळला. मग एका हिवाळ्यात ती लोकरीची टोपी घालू लागली. नव्या मुख्याध्यापिकेने तिला आत बोलावलं.

"ही टोपी कानांवर का येते?"

"कान गार पडतात म्हणून."

"दोन्ही?"

"मला दोनच आहेत, मादाम."

टोपी धार्मिक आहे की नुसतीच लोकरीची, हे ठरवून घेण्यासाठी मुख्याध्यापिकेने वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. शिकलीसवरलेली माणसं पगार घेऊन असली पत्रं लिहितात आणि त्यांना लाज वाटत नाही. उत्तर यायच्या आत इब्तिसामने राजीनामा दिला. दुसरी नोकरी शोधायला रोजगार कचेरीत गेली तर खिडकीवरची बाई मायेने म्हणाली, "अर्जावर इझाबेल लिहा ना. निदान बोलावणी तरी येतील." इब्तिसामने तो अर्ज तिच्यासमोर फाडला आणि महिन्याभरात फेसचं तिकीट काढलं. वय चौतीस, सामान दोन बॅगा.

"सहा महिने," थोरला भाऊ विमानतळावर म्हणाला. "सहा महिन्यांत परत येशील. ऑगस्टात सुट्टीला जाणं वेगळं आणि तिथं राहणं वेगळं, बाईसाहेब." आईने फक्त इब्तिसामची खोली कुणाला भाड्याने दिली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

फेसमध्ये बापाने बांधलेलं घर होतं. दर ऑगस्टात येऊन एकेक खोली चढवत त्याने ते उभं केलं आणि स्वतः त्यात सलग दोन महिनेसुद्धा राहिला नाही. खालच्या मजल्यावर आईची विधवा बहीण राहायची, खाल्ती झोहोर, म्हणजे झोहोर मावशी. तिने भाचीला मिठीत घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले, पुढ्यात वाफाळतं हरीरा सूप ठेवलं आणि मग तोंड सोडलं.

"अख्खी गल्ली होडीत बसून तिकडे पळायला बघतेय आणि तू तिकडून इकडे? डोक्यावर पडलीस का गं?"

"इथं माझ्या डोक्याकडे कोणी बघत नाही, खाल्ती."

"बघतात की! तो टॅक्सीवाला बघतो. तू तोंड उघडलंस की त्याचं भाडं दुप्पट होतं."

ते खरंच होतं. तिची अरबी ऐकली की टॅक्सीवाला हसायचा, भाजीवाला तिला 'फ्रान्सची बाई' म्हणायचा आणि पुदिन्याची जुडी महाग व्हायची. जो तो विचारायचा, परत कधी? इब्तिसामचा संताप व्हायचा. रुबेत जन्मभर लोक तिला विचारत आले होते, मूळची कुठली, आणि मूळच्या गावी आली तर हे विचारतात, परत कधी! तरीसुद्धा पहिल्या शुक्रवारी रुमाल बांधून ती बाजारातून या टोकाची त्या टोकाला गेली, एकाही नजरेने तिला हटकलं नाही, आणि तिला इतकं हलकं वाटलं की घरी येऊन तिने खाल्तीच्या तीन वाट्या कुसकुस खाल्ला.

इथं राहायचं तर नोकरी हवी. अरबी बोलता यायची, पण छापील अरबी समोर आली की ती तिसरीतल्या पोरीसारखी अक्षरावर बोट ठेवून वाचायची. तिला घेणार कोण? फ्रेंच बोलणारा आवाज ज्यांना हवा, तेच. ही नोकरी गेली तर रुबेची खोली तयारच होती. म्हणून तिने कारोलीन घेतलं. तिकडे डोकं उघडं कर म्हणत होते, इकडे नाव झाक म्हणाले.

आणि कारोलीन म्हणून ती नावाजली. बाकीच्यांना आवाज घासूनपुसून फ्रेंच करावा लागायचा, तिचा जन्मापासूनच तसा होता. शेजारच्या टेबलावरची वियाम, म्हणजे तिथली ज्युली, तिला म्हणायची, "तुला काय बाई! आम्ही नाटक करतो, तू नुसती बोलतेस."

"नाटक मीच मोठं करते गं," इब्तिसाम म्हणायची. "तू निदान फेसमध्ये बसून फ्रान्सची होतेस. मी आधी फ्रान्समध्ये परकी झाले, इथे येऊन पुन्हा फ्रान्सची झाले, आणि तेही दुसरीच कोणीतरी."

दीड वर्ष असं गेलं. भावाचे सहा महिने तीनदा उलटून गेले होते.

जानेवारीत मादाम वास्यूरचा फोन येऊ लागला. वय ऐंशीच्या पुढे, एकटी, राहायला तूर्क्वांला. तूर्क्वां म्हणजे रुबेच्या कुशीतलंच गाव, इब्तिसामच्या जन्माच्या घरापासून ट्रामने दहा मिनिटं. म्हातारीने दुसऱ्याच वाक्याला ओळखलं.

"तुम्ही आमच्याकडच्याच ना हो? बोलण्यावरून कळतं."

"जन्म रुबेचा, मादाम."

"तरीच! नाहीतर हल्ली फोन केला की काय काय आवाज ऐकावे लागतात. तुम्ही आपल्यातल्या आहात, कारोलीन. मी तुमच्याशीच बोलणार."

इब्तिसामने ते 'आपल्यातल्या' ऐकून घेतलं आणि गिळलं. म्हातारी थंडीने खरोखर गारठली होती. महिनाभर फोन चालले होते, दोनदा सांगून मिस्त्री आला नव्हता. इब्तिसाम स्वतः कोट घालून बसली होती. ऑफिसात तापवायचं यंत्र नव्हतं, आणि खाल्तीकडे तर भिंतींना ओल सुटलेली. स्वतः कुडकुडत दुसऱ्याची घरं गरम करायची, हा तिचा धंदा. मिस्त्री जिथून निघतात त्या तिकडच्या गोदामात तिने चार फोन केले, एका माणसाशी कडाक्याने भांडली, आणि मादामला सांगितलं, "काळजी करू नका. उद्या सकाळी नऊला माणूस येईल, इन्शाअल्ला."

शब्द तोंडातून गेला आणि वियामने शेजारून मान वळवली. त्या मजल्यावर ही चूक सगळ्यांच्या हातून कधी ना कधी व्हायची. प्रत्येकाकडून पहिल्याच आठवड्यात एक सूचना पाठ करून घेतलेली होती: वाट्टेल ते बोला, हा शब्द नको. इब्तिसामच्या तोंडून तो कधीच गेला नव्हता. रुबेत तिने चौतीस वर्षं जीभ सांभाळली होती, आणि फेसमध्ये दीड वर्षांत ती इतकी घरच्यासारखी झाली की सांभाळायचं विसरली.

"काय म्हणालात?" पलीकडून आवाज आला.

"उद्या नऊला, मादाम."

"त्याच्या पुढे."

मग पलीकडचा आवाज बर्फासारखा झाला. "कारोलीनला द्या. तुम्ही कोण आहात? मला कारोलीन हवी आहे." आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी नूफलने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता, आणि संतापाची गोष्ट हीच की असली कामं वाईट माणसं करतच नाहीत. त्याने तिला चहा दिला.

"म्हातारीने लेखी तक्रार केलीय, लल्ला. म्हणते, तिच्या कारोलीनच्या जागी कुणीतरी अरब बाई बोलत होती. नशीब समजा. तिला अजून वाटतंय की तुम्ही दोघी आहात."

"म्हणजे?"

"म्हणजे सोपं आहे. तुम्ही फोन करायचा. कारोलीन म्हणून. सांगायचं, काल माझ्या जागेवर बदली बाई बसवली होती, तिच्याकडून चूक झाली, माफ करा. तिला कामावरून काढून टाकलं आहे."

इब्तिसामला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी फोन करून सांगायचं, की मला काढलं?"

"तुम्हाला नाही हो! त्या दुसरीला."

"दुसरी कोण? दुसरी मीच की! इब्तिसाम मी आहे. काढायचंच तर ती फुकटची कारोलीन काढा!"

"हळू बोला, सगळे ऐकताहेत." नूफलने काचेबाहेर पाहिलं. "अहो, नावात काय आहे? मी नऊ वर्षं निकोला आहे. घरी गेलो की बायको नूफल म्हणतेच. संध्याकाळपर्यंत फोन करा. नाही केलात तर माझ्या हातात काही नाही. पॅरिसहून कागद आलाय."

ती टेबलाशी येऊन बसली. नोकरी गेली तर काय, हे तिला पाठ होतं. भाऊ विमानतळावर घ्यायला येणार आणि गाडीत हसणार. खिडकीवरची ती मायाळू बाई पुन्हा अर्ज पुढे सरकवणार. एक फोन. दोन वाक्यं. आजवर हजार वेळा ती कारोलीन झालीच होती, मग हजारदा आणि एकदा. तिने मनाशी वाक्यं जुळवलीसुद्धा. वियाम कुजबुजली, "कर गं बाई आणि मोकळी हो. शब्दच आहेत." इब्तिसामने नंबर फिरवला.

"मादाम वास्यूर? मी कारोलीन."

"अहाहा, कारोलीन! माझी पोरगी ती!" म्हातारीचा आवाज एकदम उबदार झाला. तेवढ्या उबेनेच इब्तिसामचं डोकं फिरलं. हाच आवाज, हीच मी, काल बर्फ आणि आज ऊब! "काल कुणाला बसवलं होतं हो तुमच्या जागेवर? मी तर घाबरलेच. आता आपल्या फोनवरसुद्धा तीच माणसं! काढलं ना तिला?"

साठ टेबलांवरच्या निम्म्या तरी माना तिच्याकडे वळल्या होत्या. नूफल काचेच्या दारात उभा होता.

"नाही, मादाम," इब्तिसाम म्हणाली. "तिला नाही काढलं. कारोलीनला काढलं."

"काय?"

"कारोलीन खोटं बोलत होती. कारोलीन नावाची कोणी बाईच इथे नाही. तुमच्याशी महिनाभर बोलले ती मी, गोदामवाल्याशी भांडले ती मी, आणि इन्शाअल्ला म्हणाले तीही मीच. माझं नाव इब्तिसाम बूअज्जावी. मी रुबेत जन्मले हे खरं आहे. माझ्या बापाने तुमच्याच भागातल्या गिरणीत फुप्फुसं घालवली, तेही खरं आहे. मी फेसहून बोलतेय. आता सांगा, माणूस आला होता का?"

"आला होता," म्हातारी म्हणाली.

"किती वाजता?"

"नऊला."

"बॉयलर चालू झाला?"

"झाला."

"मग झालं तर," इब्तिसाम म्हणाली. नूफल टेबलांमधून वाट काढत झपाझप येत होता.

मग म्हातारीने घसा साफ केला आणि, जणू मधलं काही बोललंच गेलं नव्हतं अशा गोड आवाजात, म्हणाली, "बरं तर. आभारी आहे हं, कारोलीन." आणि फोन ठेवला.

नूफल टेबलापाशी पोचला, हात पुढे केला, "द्या तो हेडफोन, लल्ला, पुरे झालं." इब्तिसामने त्याचा हात बाजूला केला आणि तोच नंबर पुन्हा फिरवला.