एकाच पक्ष्याचे दोन गळे

आमच्या बैठकीच्या भिंतीवर दोन तसबिरी शेजारी शेजारी आहेत. दोन्हींत तोच पक्षी, तीच फांदी, लांब चोच तशीच फुलात खुपसलेली. फक्त एका तसबिरीत त्याचा गळा हिरवा आहे आणि दुसरीत जांभळा. हे गेल्यापासून भेटायला येणारी माणसं काय बोलावं ते न सुचून भिंतीकडे बघतात आणि जरा वेळाने विचारतात, "हे असं का?" मग मलाही बोलायला काहीतरी मिळतं. पण सांगताना मध्येच थांबावं लागतं, म्हणून लिहून ठेवते. लिहिताना थांबलं तरी चालतं.

नगरच्या कँपातले साहेब लोक सामान विकून मायदेशी निघाले होते, तेव्हाची ही गोष्ट. मी नेवाशाला मामांकडे वाढले. मामा कोर्टात कारकून होते. जन्मभर साक्षीदारांचे जबाब उतरवून घेतल्यामुळे घरातही त्यांना साधं उत्तर पटत नसे. दूध नासलं म्हणून मामीने सांगितलं, तर विचारत, "नासताना पाहिलं कोणी?"

मला चष्मा होता. तेवढ्यावरून एक स्थळ गेलं. दुसऱ्यांनी कळवलं, मुलगी फार वाचते. तिसरं स्थळ नगरच्या एका शाळामास्तरांचं. मामांची रीत अशी, की आधी घर बघायचं, मग मुलगा. ते एकटेच जाऊन आले, हातपाय धुऊन पाटावर बसले आणि त्यांचा जबाब सुरू झाला.

"घर बरं आहे. सासरा सज्जन आहे. भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त आहेत, तेही एक वेळ चालेल. पण मुलगा खोटं बोलतो."

मामीचा वाढता हात थांबला.

मास्तरांनी म्हणे एका साहेबाच्या लिलावात फाटक्या पुस्तकाची पानं घेतली होती. अमेरिकेतल्या हमिंगबर्ड नावाच्या पक्ष्यांची चित्रं. पक्षी अंगठ्याएवढा. चित्र धातूच्या पत्र्यावर कोरून काळ्या रेघांत छापायचं आणि मग कुणीतरी बसून एकेका पानात कुंचल्याने रंग भरायचा. गठ्ठ्यात एकाच चित्राच्या दोन प्रती निघाल्या, म्हणून मास्तरांनी दोन्हींना काचा बसवल्या होत्या.

"मी विचारलं, यातला खरा गळा कुठला? एक रंगवणाऱ्याची चूक आहे म्हणाला असता, तर विषय संपला होता. तर म्हणतो, दोन्ही खरे."

"म्हणजे?" मामीने विचारलं.

"पक्षी हलला की रंग बदलतो म्हणे. मी विचारलं, तुम्ही पाहिलाय? तर नाही. जन्मात नाही. अहो, उद्या हिने विचारलं, काल संध्याकाळी कुठे होतात, तर म्हणेल दोन ठिकाणी होतो, आणि दोन्ही खरी."

पाहुण्यांना रविवारचं बोलावणं देऊन झालं होतं. ते मागे घेणं मामांच्या सभ्यतेत बसत नव्हतं. त्यांनी ठरवलं, पोहे द्यायचे आणि पत्रिका जमत नाही म्हणून कळवायचं.

मी भात चिवडत बसले होते. पक्ष्याच्या गळ्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त, एवढंच माझ्या कानात राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मामी तांदूळ निवडत होती, तेव्हा मी तिला म्हटलं, "मामी, मला ते घर हवंय."

तिने सुपातला खडा काढून टाकला. "भात चिवडत होतीस तेव्हाच कळलं."

रविवारी मामांनी मला साधं सुती लुगडं नेसायला सांगितलं होतं. मामीने ट्रंकेतून स्वतःचं धूपछाव काढलं. ताण्याचा रंग एक, बाण्याचा दुसरा, असं ते रेशीम. मग तिने बैठकीतलं जाजम ओढून असं घातलं, की पाहुणे दाराशी बसतील आणि मामा आतल्या कोपऱ्यात. "वारा येतो," म्हणाली. वारा नव्हता.

मी पोहे घेऊन गेले. मास्तरांचा चष्मा माझ्यापेक्षा जाड होता आणि ते पोह्यांकडे बघत होते. त्यांच्या वडिलांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला आणि कौतुकाने म्हणाले, "मुलीला जांभळा रंग छान दिसतो हो."

"जांभळा?" मामा म्हणाले. "लुगडं हिरवं आहे."

"हिरवं? आमचे डोळे अधू झालेत, पण इतके नाही."

"मी समोर बसलोय."

"मीही समोरच बसलोय की."

दोघेही हसतमुख होते आणि दोघेही हटत नव्हते. शेवटी मामा मास्तरांकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

हिरवं म्हटलं असतं तर मामा खूश झाले असते. मास्तरांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "दोन्ही खरे."

मामांनी बोलायला तोंड उघडलं, तोच स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला, "जरा दाराशी सरकून बघावं म्हणते मी."

पाहुण्यांदेखत नाही म्हणणार कसं? मामा धोतर सावरत बसल्या बसल्या दारापर्यंत सरकले. बघितलं. पुन्हा कोपऱ्यात सरकले. बघितलं. परत एकदा दाराशी गेले. एवढा वेळ मी हातात तबक धरून उभी होते आणि मला हसायची चोरी होती. मग मामा जागेवर येऊन बसले, थंड झालेल्या पोह्यांची बशी त्यांनी उचलली आणि विचारलं, "पत्रिका आणली आहे का?"

पत्रिका जमली.

पुढे मामा आमच्याकडे आले, की चहाच्या आधी जांभळ्या गळ्याच्या तसबिरीसमोर उभे राहत. डावीकडून बघत, उजवीकडून बघत. "अजून जांभळाच," म्हणत. ह्यांनी मला समजावलं होतं, की हलतो तो पक्षी. कागदावरचा रंग लावला तसाच राहणार. मामांना मात्र ते कधी बोलले नाहीत. उलट तसबीर उतरवून खिडकीत धरत आणि म्हणत, "संध्याकाळी बघू मामा, उन्हं उतरल्यावर." मामा संध्याकाळपर्यंत थांबत. त्यामुळे जेवूनच जात.

परवा काच पुसायला मी ती तसबीर उतरवली. ओसरीवर ऊन आलं होतं. तिथवर नेली, जराशी कलती करून धरली. अजून जांभळाच आहे.

संध्याकाळी पुन्हा बघेन.