जनरेटरच्या गाड्यावरचं घर

गुडघे गेले तेव्हापासून मी एसटीत बसले नाही. गुडघ्यांचं एवढं काही नाही, चढताना कुणी तरी हात देतं. खरी अडचण लघवीची. मला घडीघडीला जावं लागतं आणि खाली बसता येत नाही. घरी प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून सोय केलेली आहे. रस्त्यात ती कुठून आणायची? म्हणून मी लग्नाला गेले नाही, बारशाला गेले नाही. लोकांना तब्येत बरी नाही असं सांगायचे. लोकही पुढं विचारत नव्हते.

पण अक्काकडे जायचं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कनेरगाव नाक्याच्या पुढं, वाशीमच्या बाजूला तिचं गाव आहे. तिच्या मुलाचा फोन आला.

"मावशी, माय आता माणसं विसरून राहिली. मला कधी वळखते, कधी न्हाई. तुला यायचं असंल तर लौकर ये."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाले, "मला अक्काला भेटायचंय. ती मला वळखते तवर भेटायचंय. कसं जायचं ते तुमी बघा."

असं मोघम सांगायला नको होतं.

माझ्या नवऱ्याचं आयुष्य पत्र्यात गेलं. हिंगोलीत दुकान होतं. धान्याच्या कोठ्या, लग्नातल्या पेट्या, उन्हाळ्यात कूलर. आता दुकान बंद आहे, मुलगा जीप चालवतो, आणि हा घरी बसून मोबाईलवर बघत असतो. कुठल्या तरी परक्या मुलखातले लोक मोटारीच्या मागं खोली बांधून हिंडतात, ते त्यात दाखवत होते. एक गोरी बाई भिंतीतून टेबल ओढायची, टेबलाखालून पलंग, पलंगाखालून शेगडी. हा तोंड उघडं टाकून बघायचा. मला एवढंच कळेना, त्या बाईचं खरं घर कुठं गेलं?

एके दिवशी दारात लोखंडी सांगाडा येऊन उभा राहिला. दोन चाकं, पुढं जीपला अडकवायचा दांडा. मंडपवाल्याचं जनरेटर वाहायचं मोडकं गाडं होतं ते.

"हे काय आनलं?"

"घर हाय तुझं."

"भिंती कुठायत?"

"व्हतील."

"डिझेलचा वास येऊन राहिला."

"जाईल की वास. काहून घाई करती?"

त्याला काय म्हणायचं हे आमच्यात शेवटपर्यंत ठरलं नाही. मुलगा ट्रेलर म्हणायचा, गल्लीतले लोक लग्नाची पेटी म्हणायचे. मी गाडंच म्हणते.

मग ठोकाठोक सुरू झाली. लोखंडी अँगल उभे केले, बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, मध्ये ऊन लागू नये म्हणून थर्माकोल. जुन्या कूलरची जाळी खिडकीला बसवली. इथपर्यंत मला समजत होतं. पुढं समजेना. कोठ्या करणारा माणूस, त्याला मोकळी जागा दिसली की झाकण बसवायचं सुचतं. चाकावरच्या उंचवट्यात पेटी केली. पायरीच्या आत पेटी केली. खाट भिंतीला बिजागऱ्यांवर टांगली. खाली पाडली की खाट, अर्धी उचलली की ओटा, पूर्ण उचलली की तिच्या पाठीवर आरसा. मुलाच्या जुन्या पँटींचे खिसे कापून एका चादरीला शिवायला लावले आणि ती चादर भिंतीवर ठोकली. कंगवा एका खिशात, गोळ्या एका खिशात, काडेपेटी एका खिशात. बरण्यांची झाकणं छताला स्क्रूनं पक्की केली, बरणी खालून फिरवून लावायची. मी पहिल्यांदा हळदीची बरणी काढायला गेले तेव्हा उलटी फिरवली की सुलटी ते ठाऊक नाही, ती सगळी माझ्या डोक्यावर आली. सून म्हणाली, "आत्याबाई, परत लगीन लावता का काय?"

आणि दाराजवळच्या कोपऱ्यात मुख्य वस्तू. एक पेटी, तिच्यावर गोल भोक पाडलेली जाड फळी, फळीखाली झाकणाची पांढरी बादली, पुढं पडदा. तिच्यावर मी बसून पाहिलं. उंची बराबर होती. मी म्हणाले, एवढं पुरे, आता निघू.

पण तो थांबेना. रोज सकाळी काही तरी हलवायचा. काल तवा होता तिथं आज दोरी निघायची. मी चहापत्ती शोधायला गेले तर पाना हाताला लागायचा. माझी तक्रार ऐकून त्यानं प्रत्येक झाकणावर खडूनं नाव लिहिलं. मला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलेली आहे. पण दुसऱ्या दिवशी सामान हललं आणि खडू तिथंच राहिला. 'तवा' लिहिलं होतं त्यात चपला. मला वाटायला लागलं, अक्काचं विसरायचं दुखणं मलाही लागलं की काय. मी सुनेला विचारलं, "काल साखर हितंच होती ना गं?" ती म्हणाली, "मला नका विचारू, मी आत गेले की बाहेरचं दारसुद्धा इसरते."

निघायच्या आदल्या दिवशी मी सामान भरायला घेतलं. आमच्याकडे बहिणीच्या घरी रिकामं भांडं नेत नाहीत आणि तिच्याकडून रिकामं परत येत नाही. पेलाभर ताक आणलं तरी पेला परत देताना त्यात चिमूटभर साखर टाकतात. आणि इथं तर गाडंभर पेट्या, सगळ्या रिकाम्या. रिकामी पेटी घेऊन बहिणीच्या दारात कसं जायचं? जी उघडेल ती मी भरली. ज्वारी भरली, हळद भरली, शेंगदाणे, कुरडया, पापड, लोणचं. 'धान्य' लिहिलेलं झाकण उचललं तर आत झाकणाची नवी कोरी बादली. मला बरं वाटलं, हा माणूस एवढा विचार करतो. घरच्या तुरीची डाळ काठोकाठ भरली आणि झाकण दाबून बसवलं.

वजन कुठं टाकायचं हे मी त्याला विचारून घेतलं. तो म्हणाला, "जड माल मागं टाक. जीपच्या मानेवर भार नको." मलाही पटलं. आम्ही दोघं बैलगाडीतले. पुढं भार झाला की जू बैलाच्या मानेवर दाबतं, हे लहानपणापासून बघितलेलं. म्हणून ज्वारीचं पोतं आणि पाण्याचा ड्रम पार मागच्या भिंतीला लावले.

सकाळी निघालो. मुलगा जीप चालवत होता, मी त्याच्या शेजारी, नवरा मागच्या सीटवर तोंड उलटं करून गाड्याकडं बघत. हळू होतो तोपर्यंत ठीक होतं. रस्ता मोकळा मिळून मुलानं जरा वेग घेतला आणि गाडं मागं डावीकडं-उजवीकडं झोल खायला लागलं. जीपचं ढुंगण ते ओढून नेत होतं. आत काही तरी धडाधड पडत होतं.

"आबा, हे काहून नाचून राहिलं?"

"हळू घे, हळू घे!"

"हळूच घेऊन राहिलो. सायकलवाला पुढं गेला."

असं करत कनेरगाव नाक्याला एका ढाब्यावर थांबलो. तिथं एक ट्रकवाला चहा पीत होता. तो उठून आला, गाड्याला मागून खांद्यानं जरा खाली दाबलं, तसा पुढचा दांडा जीपला उचलायला लागला.

"चाचा, वजन आगे लो. पीछे भरोगे तो ऐसाइच नाचेगा."

नवरा म्हणाला, "आगे लिया तो मान पे आता."

"किसकी मान पे?"

"बैल की."

ट्रकवाल्यानं जीपच्या पुढं जाऊन पाहिलं. "बैल किधर है चाचा?"

मला हसू आलं नाही, कारण एव्हाना मला जायची घाई झाली होती. मी नवऱ्याला खूण केली. त्यानं दार उघडलं. खाट उघडून आडवी पडलेली, खिशांची चादर निघून तिच्यावर, सगळ्यावर शेंगदाणे. मी दाराजवळच्या कोपऱ्यातली पेटी उघडली. आत पापड, सुनेनं भरलेले.

"ती न्हाई," तो म्हणाला. "परवाच हलवली की. खाटेच्या पायथ्याला नेली. सांगितलं न्हवतं का?"

सांगितलं होतं असं तो आजही म्हणतो. मला आठवत नाही.

तो आत शिरला, खाट उचलली, 'धान्य' लिहिलेलं झाकण काढलं आणि तसाच उभा राहिला.

"ह्यात डाळ कुनं भरली?"

"धान्याच्या पेटीत डाळ न्हाई तर काय भरू?"

"अगं ती तुझी बादली हाय!"

"मंग वर धान्य काहून लिवलं?"

"पुसायचं राह्यलं."

"अन् फळी कुठं गेली?"

"ओटा करायला काढली व्हती. खाटेच्या मागं हाय."

"मंग धान्याची पेटी कोनती?"

"जिच्यावर चपला लिवलंय ती."

मुलगा जीपच्या बॉनेटवर डोकं टेकून हसत होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावी वाटली, पण हलायची सोय नव्हती. ढाब्यावरची बाई पोळ्या टाकायची थांबून बघत होती. ती आली आणि कानाशी म्हणाली, "आजी, मागं आडोसा हाय, चला."

"खाली बसता येत न्हाई बाई."

हे मी परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगितलं. तिनं माझ्या मुलाला हाक मारली, मागं विटांचा ढीग दाखवला. मुलानं हसणं बंद केलं, विटा दोन बाजूंना रचल्या, वर ती भोक पाडलेली फळी ठेवली, हात दाबून हलत नाही ना पाहिलं आणि निघून गेला. बाईनं खिशांची चादर पुढं धरली. काम झालं.

परत आले तेव्हा मुलगा बापाला म्हणत होता, "आबा, इतके दिवस ठोकठोक केली. एक फळी अन् चार इटा जीपमदी टाकल्या असत्या तरी भागलं असतं."

नवऱ्यानं फडकं ओलं करून सगळ्या झाकणांवरचा खडू पुसला. मला मुलाचंही पटत होतं आणि नवऱ्याकडं बघवतही नव्हतं, म्हणून मी शेंगदाणे वेचत बसले. ज्वारीचं पोतं आणि ड्रम पुढं घेतला. मग गाडं निमूट मागं आलं.

अक्का ओट्यावर बसली होती. वाळलेली, पण नीट विंचरलेली. मी काठी टेकत तिच्यापुढं गेले.

"या विहीणबाई," ती म्हणाली. "बसा. च्या ठिवायला सांगते."

"अक्का, मी हाय. धाकली."

"व्हय व्हय. बसा तुमी."

तिनं मला कधी जन्मात तुमी म्हटलेलं नाही. माझ्या नवऱ्याला ती तोंडावर पत्र्या म्हणायची. आता त्याला बघून तिनं डोक्यावरून पदर पुढं ओढला. तो माझ्यापेक्षा जास्त गडबडला, खाली बघत उभा राहिला.

उशीर झाला असं मला वाटलं. पण खात्री होत नव्हती, कारण चहा पिताना तिनं माझ्या बशीतला पापड उचलून अर्धा मोडून परत माझ्याकडं सरकवला. ती लहानपणी असंच करायची. तिच्या सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "त्या सगळ्यांनाच आसं करतात मावशी."

मग अक्काला गाडं दिसलं. ती उठली, पायरीवर पाय ठेवून कुणाचा हात न घेता आत गेली. एकेक झाकण उघडायची, बघायची, लावायची. कशातही काही निघालं तरी तिला नवल वाटत नव्हतं. मला त्या गाड्यात काही सापडत नव्हतं, आणि ती मात्र आपल्या स्वयंपाकघरात असल्यासारखी वावरत होती.

"कोनाचं घर हे?"

"आमचंच."

"मंग तुमी कुठं ऱ्हाता?"

आम्ही सामान उतरवलं. डाळ तिच्या सुनेनं डब्यात ओतून घेतली. बादली कशाची होती ते मी सांगितलं नाही. कोरी होती, सांगायचं काही कारणही नव्हतं. नवऱ्यानं बादली पेटीत बसवली, वर फळी ठेवली आणि माझा हात धरून फळीवर ठेवला. "हितं. आता हालनार न्हाई. ध्यानात ठेव."

मुक्काम केला. अक्काकडं बसायचा उंच संडास होता, बादली कोरीच राहिली. अक्का विहीणबाईच म्हणत राहिली. मी मग दुरुस्त करायचं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मी फळी उचलून पाहिली. आता माझा कशावरच भरवसा राहिला नव्हता. बादली डाळीनं काठोकाठ भरलेली. आमचीच डाळ.

अक्काची सून ओशाळली. "सकाळीच डबा आनून वतला त्यांनी. मी नको म्हनलं तर अंगावर आल्या. म्हनल्या, रिकामी बादली तिला कशी देऊ?"

"तिला म्हनली? का त्यांना?"

"आता काय सांगू मावशी. तिला म्हनल्या वाटतं. का इहिणीला म्हनल्या. माझं ध्यान चुलीकडं व्हतं."

मी अक्काकडं पाहिलं. ती ओट्यावर पदर घेऊन बसली होती आणि जीपकडं बघत होती.

नवरा म्हणाला, "काढ ती डाळ. रस्त्यात बादली लागंल तुला."

"ऱ्हाऊ द्या."

"मंग कसं करशील?"

"फळी हाय न्हवं. कनेरगावला इटा हायेत."

त्यानं बादली उचलून पाहिली. जड आहे म्हणाला, आणि ती पुढच्या भिंतीला लावून दोरीनं बांधली.