नानांनी ओळखलेले हात

असोद्याचे नाना कासार गेल्याचं पत्र धुळ्याला माझ्या हाती पडलं, तेव्हा त्यांचं तेरावंही होऊन गेलं होतं. नात्याचे नव्हते, तरी मी डोक्यावरून पाणी घेतलं... माझ्या आईला शेवटचं नाव देणारा माणूस गेला होता.

आई जळगावला कापसाच्या जिनात कामाला जायची. मी नऊ वर्षांची असताना एके दुपारी तिथल्या कापसानं पेट घेतला. बायांनी मध्येच उठून जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कडी असायची. कडी निघेपर्यंत आत कुणी जिवंत उरलं नव्हतं. चेहरे ओळखू येईनात, तेव्हा सरकारी माणूस म्हणाला, सगळ्यांना एकत्रच अग्नी द्या. तेव्हा नाना पुढे झाले. त्या बायांना वर्षानुवर्षं बांगड्या त्यांनीच भरलेल्या. ते एकेकीपाशी बसले, हात हातात घेऊन अंगठ्याजवळचं हाड चाचपलं आणि नावं सांगत गेले. अशी आईला वेगळी चिता मिळाली. पुढच्या हंगामात जिन पुन्हा सुरू झालं. मेलेल्यांची नावं तिथं कुठंच लिहिली गेली नाहीत. नाना मात्र त्यांच्या लेकींना बांगड्या भरताना प्रत्येकीला तिच्या आईचा हात सांगत. माझ्या लग्नात म्हणाले होते, तुझ्या आईचा हात लोण्यासारखा, काकण कधी अडलं नाही.

गेल्या दिवाळीत माहेरी गेले, तर नाना अंथरुणाला खिळलेले. मला जवळ बसवून म्हणाले, "पोरी, दोन हात मले ओयखता आले नाही. एक तुझी माय, एक आपल्या गावची तुळसा. दोन्ही घरची मान्सं बाहेर उभी व्हती... मी नावं देऊन टाकली."

मला राग आला. इतकी वर्षं आपण कुणाची राख आईची मानली? मी तशीच उठून आले. तीच आमची शेवटची भेट.

पत्र आल्यावर मात्र राहवेना. तुळसाची लेक यशोदा यावलला दिलेली. तिला जाऊन सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "माझ्या मायसाठी तू रडली असशीन, तुझ्या मायसाठी मी. बिनरडतीची तं कोनी गेली नाही ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तापीवर गेलो. एकमेकींच्या आईचं नाव घेऊन पाणी सोडलं, आणि तिसरी ओंजळ नानांच्या नावानं.