सेक्रेटरीकाकांचा चेहरा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरीकाका कुणालाही चेहरा नीट निरखल्याशिवाय ‘या’ म्हणत नसत. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी मिशा काढल्या, तर त्यांनाही गेटपाशी अडवून विचारलं, “कोण पाहिजे?” कुलकर्णी म्हणाले, अहो, मीच. काका म्हणाले, “ते मी ठरवेन.”

अशा माणसाच्या हाती सोसायटीचा नवा लॅपटॉप आला, तोही चेहरा पाहून उघडणारा. काका भलतेच खूश. चेहरा नोंदवायला गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. कमिटीतल्या बाकी कुणाचा चेहरा मात्र त्यांनी नोंदवू दिला नाही.

मग व्हायची ती पंचाईत झालीच. मला पासपोर्टसाठी सोसायटीचं पत्र हवं होतं, आणि काका दुपारी एक ते चार झोपणारे. काकूंना माझी दया आली. त्यांनी लॅपटॉप उचलून थेट झोपलेल्या काकांच्या तोंडासमोर धरला. डोळे मिटलेले, त्यामुळे तो काही केल्या उघडेना. काका कूस बदलत म्हणाले, “त्यालासुद्धा कळतं, ही कामाची वेळ नाही.” पत्र मला चारनंतरच मिळालं, चहासकट.

मागच्या वर्षी मुलाने दोघांना पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला नेलं. कोथरूडच्या माणसाला खराडी म्हणजे परगावच. सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. जाण्यापूर्वी काकांनी लॅपटॉपवर माझाही चेहरा नोंदवून घेतला, हसू नका असं बजावून. पण गेटपाशी उगाच रेंगाळले. आता इथे आपल्याला कोण ओळखणार, असं काकूंजवळ पुटपुटले. ते माझ्या कानावर पडलं आणि मला फार वाईट वाटलं.

काकांचा चेहरा लॅपटॉपमधून काढून टाका, असं नव्या कमिटीचं म्हणणं. मी आज काढते, उद्या काढते करत राहिले.

परवा दोन बस बदलून काका आले. वॉचमन नवा. त्याने विचारलं, “कोण पाहिजे?” काका एवढंसं तोंड करून ऑफिसात आले. कॉलर नीट करून लॅपटॉपसमोर बसले.

लॅपटॉप उघडला.

काकांनी कॉलर पुन्हा एकदा नीट केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अजून काढला नाहीत? शुद्ध निष्काळजीपणा आहे हा.” आणि माझ्याकडून चहा घेऊन, ताठ मानेने गेटपाशी गेले.

तिथे वॉचमनला म्हणाले, “चेहरा नीट बघून ठेव. पुढच्या महिन्यात पुन्हा येतोय तपासायला.”