वाडीत गेला की बाद

विरारच्या बाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानापाशी बॅटला चोळायच्या जवसाच्या तेलाचा वास आला, की मला आमच्या गिरीज गावचा तो फलंदाज आठवतो. त्याने टोलवलेला चेंडू शोधायला माणसं जेवणाचा डबा बांधून निघायची. तो देशाकडून खेळला, पण तीन डावांतल्या धावा हाताच्या बोटांवर मावल्या आणि त्याला घरी पाठवलं. त्याच महिन्यात आमच्या मैदानावर सामना होता. गाव त्याच्यासाठी लोटलं होतं, आणि अंपायर मी, त्याचा शाळेपासूनचा जोडीदार. मैदानाला चारी बाजूंनी केळीच्या वाड्या, म्हणून जुना नियम असा, की चेंडू कुंपणावरून वाडीत गेला तर फलंदाज बाद. मोठ्या मैदानांवर खेळून तो हे विसरला असावा. पहिलाच चेंडू त्याने असा उचलला की आभाळाला पोचा पडला असेल, आणि तो थेट केळीत गेला. मी बोट वर केलं. "अरे, आजचा दिवस राहू दे ना," तो हळूच म्हणाला, "लोक बघायला आलेत." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "देशाकडून खेळलास म्हणून तुला वेगळा नियम नाही, बाबा. आणि लवकर परतायची तुला सवय आहेच की." मैदान खदाखदा हसलं. तो बॅट काखेत मारून गेला, तो पुन्हा कधी खेळलाच नाही. मी आजवर हजार थापा मारल्या. त्यातली सगळ्यात मोठी ही, की त्या दिवशी मी फक्त नियम पाळला. त्याला संघातून काढल्याची बातमी आली, तेव्हा मी घरी पेढे नेले होते, आणि बायकोला सांगितलं, सहज आणले.