नायदरची जोडीदारीण नॉर

मी चौथीत शाळा सोडली, तरी पनवेलच्या मिठागरात इंग्रजीची शिकवणी मीच घेतली.

माझी पोरगी मॅट्रिकला इंग्रजीत एकदा नापास झाली होती. ‘आयदर’ला ‘नॉर’ जोडायची, ‘नायदर’ला ‘ऑर’. माझा थोरला भाऊ म्हणाला, "पुन्यांदा नापास झाली, तर लगीन लावून टाकू." मी म्हटलं, "होईल पास. मी शिकवतो."

"तू?" सगळे खो खो हसले.

मिठाची भरली पाटी एकट्याने उचलवत नाही. एकाने हाक द्यायची, समोरच्याने साद, मग दोघांनी मिळून उचलायची. मी शाळेतल्या मास्तरांकडून जोड्या पाठ करून घेतल्या आणि ती हाकच बदलली.

"आयदर!"

"ऑर!"

"नायदर!"

"ऑर…"

पोरगी चुकली की मी पाटी खाली ठेवायचो.

"बाबा, उचला की!"

"आधी जोडी बरोबर लाव!"

संक्रांतीपासून परीक्षेपर्यंत आमचं हेच चाललं.

निकालाच्या दिवशी पनवेलच्या स्टँडवर पेपर घेतला. तिचा नंबर सापडला आणि मी मिठागरापर्यंत धावतच सुटलो! पावसाआधी मिठाची रास गवताने शाकारणं चालू होतं. बांधावरूनच पेपर हलवत ओरडलो, "पास! पास! नायदर!"

पोरगी रडायलाच लागली. राशीवरून साद दिली ती थोरल्या भावाने, छाती फुगवून: "नॉर!"