गच्चीचं कुलूप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कुणास ठाऊक. एकट्यानं सांभाळून कंटाळा आलाय, एवढंच.

आमच्या गच्चीवर सोलर आहे, सरकारी अनुदानातलं. वीजबिल जवळजवळ येतच नाही. कॉलनीत कुणाला बसवायचं असलं की आधी माझ्याकडे चहाला येतात. अर्ज कसा करायचा, मीटर कधी बदलतात — सगळं सांगतो मी. गच्चीची गोष्ट तेवढी सांगत नाही.

गच्ची माझ्या एकट्याची नाही. घर दोन मजली. वर आम्ही, खाली सुमनबाई. नवरा गेलेला, मुलगी सटाण्याला दिलेली. उन्हाळ्यात त्या कुरडया, पापड करून विकायच्या. नाशिकरोडच्या बायकासुद्धा ऑर्डर द्यायच्या, आणि त्यावर त्यांचं वर्ष निघायचं. गच्चीत त्यांचा अर्धा वाटा, पण जिना आमच्या दारावरून जातो आणि कुलपाची चावी माझ्याकडे.

पहाटे गव्हाचा चीक शिजला की दारावर थाप. मग पातेली, सोऱ्या, अंथरायला जुन्या साड्या, मदतीच्या बायका, त्यांचं हसणं. माझी झोप मोडायची. कधी बोललो का? नाही. हसून चावी द्यायचो आणि दिवसभर बायकोवर चिडचिड करायचो.

सोलरला सुमनबाईंची संमती लागणार होती. त्यांनी लगेच दिली. "सरकार देतंय तर घ्या की, भाऊ. माझ्या कुरडयांपुरती जागा ऱ्हाऊ द्या म्हंजे झालं."

जागा राहिली. भरपूर राहिली. बसवणाऱ्यानं स्वतःहून सांगितलं होतं — मधे मोकळं ठेवलंय, काका, वाळवणंही होतील.

आणि मी खाली जाऊन काय सांगितलं? की अनुदानाचं सोलर असलं की गच्चीवर काही वाळत घालता येत नाही, सरकारचा नियम आहे. असा नियम नाही. कुठेच नाही. जिना उतरता उतरता तो मी केला. 'मला पहाटे त्रास होतो' एवढं तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती — म्हणून सरकारला पुढे केलं. सरकार म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

त्यांनी एक उन्हाळा अंगणात करून पाहिलं. तिथे घराचीच सावली. कुरडया नीट वाळेनात, आंबल्या, काळ्या पडल्या. ऑर्डरी तुटल्या. पुढच्या वर्षी घर भाड्यानं देऊन त्या सटाण्याला गेल्या. स्वतःच्या घरातून जावयाच्या घरी — त्या वयात. निघताना मलाच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, भाऊ. सरकारपुढं तुमचं काय चालनार?"

मी मान हलवली. खोटं बोललो त्यापेक्षा त्या मान हलवण्याची मला जास्त लाज वाटते.

यंदा त्यांनी कुरडया पाठवल्या. जावयाच्या पत्र्यावर वाळवलेल्या, जरा मातकट. बायकोनं तळल्या. मीही खाल्ल्या.

पॅनल गार असतानाच धुवावे लागतात, म्हणून हल्ली मी पहाटेच उठतो. आजही गेलो. धुऊन होईपर्यंत दोन रांगांच्या मधे ऊन आलं होतं, चार-पाच साड्या अंथरता येतील एवढं. थोडा वेळ तिथे उभा राहिलो. मग खाली आलो आणि कुलूप लावलं.